भाचीला अंडाशयावर रिसर्च करायचाय, डॉ. इंदिरा हिंदुजांचं करिअर नक्की कसं घडलं?

सांगलीची_मावशी

नमस्कार मंडळी, माझी भाची एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात सगळं ठरल्यासारखंच होतं की गायनॅक करायचं नि इथेच हॉस्पिटल टाकायचं, पण मागच्या महिन्यात आली आणि म्हणाली मावशी मला ओपीडी आवडते पण एखादीचं अंडाशय तिशीतच का थांबतं याचं उत्तर बऱ्याचदा कुणाकडेच नसतं, मला त्याच्यावर काम करायचंय. झालं, घरात जेवणं अबोल्यात. ताईचं म्हणणं रिसर्च करणारे डॉक्टर पेशंटपासून तुटतात आणि पैसाही नाही. मी मध्ये पडून डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव घेतलं, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची १९८६ ची टेस्ट ट्यूब बेबी वगैरे, पण ताईने विचारलं की त्या डॉक्टर होत्या की संशोधक, आणि मला पुढे काही सांगताच येईना. कुणाला त्यांचं काम नीट माहीत असेल तर सांगा ना, भाचीला हा धागा वाचायला देणार आहे.

लॅबवाली

मावशी, मी पुण्यात एम्ब्रियोलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये अंडी आणि गर्भ सांभाळणारी, १४ वर्षं झाली. ताईंना सांगा, दोन्ही. आणि दोन्ही असल्यामुळेच ते काम झालं.

गायनॅक डॉक्टर असून त्यांनी मुंबई विद्यापीठातून पीएचडी केली, विषय होता मानवी आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) आणि एम्ब्रियो ट्रान्सफर (तो गर्भ गर्भाशयात सोडणं). म्हणजे जे पेशंटसाठी करत होत्या तोच प्रबंध. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये ती मुलगी जन्मली, आणि त्यामागे परळचीच दुसरी संस्था होती, आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन, तिचे संचालक होते डॉ. टी. सी. आनंद कुमार. पेशंट केईएमचे, लॅबचं ज्ञान इन्स्टिट्यूटचं, आणि दोन्हीमधलं अंतर चालत जाण्याइतकं. माझ्या मते या गोष्टीचं महत्त्व लोकांना कळतच नाही. अंड्याला वाट बघता येत नाही हो, बाहेर काढलं की तापमान, पीएच, वेळ सगळं सांभाळावं लागतं, डॉक्टर आणि लॅबवाले एकमेकांशी रोज बोलत नसतील तर काही होत नाही.

भाचीला खरं बघायला सांगा ते पुढचं. १९८६ चं आयव्हीएफ हे मुळात ज्यांच्या नळ्या (बीजवाहिन्या) बंद आहेत त्यांच्यासाठीचं उत्तर, आपल्याकडे टीबीमुळे नळ्या बंद होणाऱ्या बायका खूप. मग ४ जानेवारी १९८८ ला 'गिफ्ट' नावाच्या पद्धतीने देशातलं पहिलं बाळ, त्यात अंडं आणि शुक्राणू एकत्र नळीत सोडतात, फलन शरीरातच होतं, म्हणजे नळी चांगली आहे तरी मूल राहत नाही अशांसाठी. आणि २४ जानेवारी १९९१ ला स्त्रीबीज दानातून देशातलं पहिलं बाळ, म्हणजे नळीचा प्रश्नच नाही, अंडाशयच थांबलंय, पाळी गेली आहे किंवा फार लवकर गेली आहे. तीन तारखा म्हणजे ओपीडीत समोर बसलेल्या तीन वेगवेगळ्या बायका आहेत. आधीचं उत्तर जिला चाललं नाही तिच्यासाठी पुढचं शोधायचं, असं मला तरी ते करिअर दिसतं. पेशंटपासून तुटलेल्या माणसाला हे सुचणारच नाही.

परळकर

आमची चाळ केईएमपासून दहा मिनिटांवर. ८६ साली मी नववीत. गिरण्यांच्या संपाने घरं मोडलेली, त्यात ही बातमी आली आणि नळावर बायकांची चर्चा, की नऊ महिने काचेच्या नळीत वाढवलं की काय पोर? आईला पण तसंच वाटलेलं. नावच तसं पडलं ना टेस्ट ट्यूब बेबी. खरं तर बाहेर दोन-तीन दिवसच, मग आईच्या पोटातच.

शेजारी एक काकू होत्या, लग्नाला अकरा वर्षं, मूल नाही, कुणाच्या डोहाळजेवणाला बोलावणं नाही, ओटी भरायला पुढे आल्या की बाकीच्या नजरा चुकवायच्या. बातमी आल्यावर पुढच्याच आठवड्यात माझ्या आईला घेऊन म्युन्सिपाल्टीच्या दवाखान्यात गेल्या, केसपेपर काढला. त्यांना मूल झालं नाही शेवटपर्यंत. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला पण तपासणीला बोलावलं, आणि दोष त्यांच्यात निघाला. अकरा वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. काकू त्या वर्षी संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या, ते मला अजून दिसतं. हे सगळं महागड्या हॉस्पिटलात सुरू न होता पालिकेच्या दवाखान्यात झालं याचा आम्हा परळच्या लोकांना फार अभिमान आहे, एवढंच सांगायचं होतं.

गप्प_वाचक

एक दुरुस्ती. १९८६ च्या मुलीला लोक देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात, पण पहिली ती नव्हे. कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींच्या आयव्हीएफमधून जन्मलेली दुर्गा ३ ऑक्टोबर १९७८ ची, इंग्लंडच्या लुईस ब्राऊननंतर, म्हणजे जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर, ७० दिवसांनी. त्यांना श्रेय न देता मुंबईचं कौतुक करणं अन्याय आहे.

लॅबवाली

बरोबर आहे तुमचं, मी म्हणूनच वर "पहिली" शब्द ८६ ला लावला नाही. आणि मावशी, हे भाचीने वाचायलाच हवं. मुखर्जींनी अंडाशयाला चालना देणारं गोनॅडोट्रॉपिन हार्मोन देऊन एकापेक्षा जास्त अंडी तयार केली, लुईसच्या वेळी इंग्लंडात नैसर्गिक पाळीतलं एकच अंडं घेतलं होतं. शिवाय गर्भ गोठवून ठेवला आणि हार्मोन न दिलेल्या पुढच्या पाळीत सोडला. आज आमच्या लॅबमध्ये रोज जे चालतं ते जवळजवळ हेच. पण तेव्हाच्या सरकारी कमिटीने त्यांचा दावा धुडकावला, मग त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली, हार्मोनवाल्या माणसाची! १९ जून १९८१ ला त्यांनी जीव दिला.

त्यांचं नाव परत आणलं ते कुणी, तर मुंबईच्या त्याच आनंद कुमारांनी. १९९७ मध्ये त्यांनी मुखर्जींची कागदपत्रं, हाताने लिहिलेल्या नोंदी स्वतः तपासल्या आणि जाहीर लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मुखर्जी आहेत. स्वतःच्या टीमचा पहिला नंबर स्वतःच्या हाताने काढून दिला. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलगी आली की मी नोंदवही हातात देते आणि ही गोष्ट सांगते, कारण त्या नोंदी नसत्या तर आनंद कुमारांकडे तपासायला काय होतं?

रानजाई

मी सहसा लिहीत नाही, पण भाचीसाठी लिहिते. मला ३१ व्या वर्षी पीओआय निघालं, म्हणजे चाळिशीच्या आत अंडाशयाचं काम बंद. पाळी चार महिने आली नाही, मला वाटलं प्रेग्नंट आहे, आणि रिपोर्टमध्ये एफएसएच (अंडाशयाला काम करायला सांगणारं हार्मोन) भरमसाट वाढलेला, एएमएच (किती अंडी उरलीत ते दाखवणारं) जवळजवळ शून्य. ज्या डॉक्टरांकडे गेले (नाव घेत नाही) त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं अंडी संपलीत, डोनर घ्या, बाहेर काउंटरवर पॅकेज समजून घ्या. बस. इस्ट्रोजेन गेल्यामुळे माझी हाडं ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो, पन्नाशीपर्यंत हार्मोन घ्यायला हवेत, हे मला दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. तोवर हाडांच्या डेक्सा स्कॅनमध्ये मणका खराब झालेला. आणि अशा बायकांपैकी काहींना अधूनमधून आपोआप अंडं सुटतं, थोड्या जणींना दिवसही जातात, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे, दान मिळालेल्या बीजातून. १९९१ ची ती तारीख माझ्यासाठी काय आहे हे शब्दात सांगता येणार नाही. गर्भाशय तयार करायला आधी इस्ट्रोजेन मग प्रोजेस्टेरॉन, किती दिवस, गर्भ कुठल्या दिवशी सोडायचा, हे सगळं कुणीतरी बसून शोधलं म्हणून मी आई आहे. जी मुलगी मला न ओळखता आपलं बीज देऊन गेली तिच्यासाठी दर वाढदिवसाला एक दिवा लावते.

पण भाचीला सांगा, बीज दान हे माझ्या मुलाचं उत्तर आहे, माझ्या अंडाशयाचं नाही. ते का थांबलं हे आजही मला कुणी सांगू शकलेलं नाही, सगळ्या टेस्ट नॉर्मल. जन्माला येताना दहा-वीस लाख अंडी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यात सुटतात जेमतेम चारशे. बाकीची का नि कशी जातात, माझी एवढी लवकर का गेली, यावर तिने काम केलं तर माझं रक्त, माझे रिपोर्ट, जे लागेल ते घेऊन जा म्हणावं.

लॅबवाली

रानजाई, 🙏.

मावशी, वाटेबद्दल थोडक्यात. एमडी किंवा एमएस गायनॅक आधी करू दे, ते सोडू नये. मग रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनची (प्रजननाच्या उपचारांची) एफएनबी फेलोशिप असते, किंवा पीएचडी. परळची ती संस्था अजून आहे, नावात आता राष्ट्रीय आणि बालआरोग्य जोडलं गेलंय, तिथे मुंबई विद्यापीठाची पीएचडी करता येते. पैशाचं खोटं सांगत नाही, पीएचडीची वर्षं ओढाताणीची जातात, बॅचमेट गाड्या घेत असतात. पण ताईंना हेही सांगा की हिंदुजांनी प्रॅक्टिस कधी सोडली नाही, २०११ ला पद्मश्री मिळाली.

सांगलीची_मावशी

काल रात्री भाचीने सगळं वाचलं, रानजाईताईंचं दोनदा वाचलं. ताईनेही वाचलं, काही बोलली नाही, पण सकाळी मला विचारलं परळला जायचं तर मिरजेहून कुठली गाडी सोयीची. रानजाईताई, भाची विचारतेय तुम्हाला मेसेज केला तर चालेल का, रिपोर्टसाठी नाही, तिला ते पहिले चार महिने तुमच्याकडून ऐकायचेत.

रानजाई

कधीही कर म्हणावं. रात्री नऊनंतर, पोरगा झोपला की.