मदत हवी आहे: सरळ केलेल्या ओढ्याचा तळ वरच्या अंगाला खचत चाललाय

शेताकडेचा नागमोडी ओढा पूर येऊ नये म्हणून तीन वर्षांपूर्वी यंत्र लावून सरळ आणि खोल केला. 400 मीटरच्या वळणांचा 250 मीटरचा चर झाला. उंचीतला फरक तोच, अंतर कमी. पाणी सुसाट सुटलं.

आता चराच्या वरच्या टोकाला कमरेएवढी उभी पायरी पडलीय आणि ती दर पावसात वर सरकते. मागच्या पावसाळ्यात साधारण 8 मीटर. पाणी खाली डोह कोरतं, वरची माती ओठासारखी लोंबते आणि धप्पकन कोसळते. विहीरही आता लवकर आटते; ओढ्याचा तळ खाली गेल्यामुळेच असणार.

पायरीत मोठे दगड टाकून पाहिले, तर पाण्याने बगल देऊन काठच कापला. वाळा लावला, तो काठावर टिकला, तळातला वाहून गेला. काँक्रीट नको, दुखणं खालच्या शेतात ढकलल्यासारखं होईल.

फ्लोरिडातली किसिमी नदी 1962 ते 1971 मध्ये अशीच सरळ केली आणि 1999 पासून तिला वळणं परत द्यायला घेतली, हे वाचलंय. पण इथे खाली दोन्ही काठांवर बांधकाम आहे, वळणाला जागाच नाही.

पात्र 3 मीटर रुंद, वर चिकण माती, खाली मुरूम, उन्हाळ्यात कोरडं. पावसाला दोन महिने आहेत, यंत्र आत जात नाही.

अशा वेळी बुटके दगडी बांध खालच्या टोकापासून वर चढवत न्यायचे, की आधी पायरीलाच उतार देऊन दगड बसवायचे? आणि दोन बांधांतलं अंतर कशावरून ठरवायचं?