मदत हवी आहे: पुण्यात सीबीटी (बोलून आणि सरावातून करायचा मानसोपचार) करणारे मानसोपचारतज्ज्ञ

नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या भावाला ओसीडी आहे, म्हणजे तेच विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा. गॅसचा नॉब बंद आहे ना, हे बघायला तो अर्ध्या जिन्यातून परत वर येतो. मोबाइलमध्ये नॉबचेच फोटो. गोळ्यांनी झोप लागते, पण तपासणं थांबत नाही. सध्याचे डॉक्टर पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून मोकळे!

कोथरूड-कर्वेनगरकडे स्वतः सीबीटी, त्यातही ईआरपी, म्हणजे भीती वाटली तरी तपासायला न जाण्याचा सराव, करून घेणारे मानसोपचारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? गोळ्या डॉक्टरांच्या आणि सेशन त्यांच्याकडच्याच आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं, असंही चालेल. 'मन खंबीर कर' हे घरात भरपूर ऐकून झालंय, ते कृपया नको. सेशन मराठीत हवं, इंग्रजीत तो खुलत नाही. फी साधारण किती आणि संध्याकाळची वेळ मिळते का, तेही कळवा.