शब्दचर्चा : सुपरहिरोपटाचा शेवट ‘समाधानकारक’ म्हणावा का?

मूळ प्रश्न

सुपरहिरोपटांच्या शेवटांवर एक टिपण लिहिते आहे आणि एका विशेषणाशी अडले आहे. लिहिलं होतं, ‘चित्रपटाचा शेवट समाधानकारक आहे.’ मोठ्याने वाचून पाहिलं आणि खोडलं. रुग्णाची प्रकृती समाधानकारक, कामाची प्रगती समाधानकारक, तसा शेवटही समाधानकारक. म्हणजे काळजीचं कारण नाही, इतकंच. मला म्हणायचं होतं ते याहून बरंच जास्त होतं.

नेमकं काय म्हणायचं होतं ते सांगते. २०१९ साली ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ पाहिला तेव्हा शेजारी भाची बसली होती, अकरा वर्षांची. १८१ मिनिटांचा चित्रपट संपला, श्रेयनामावली वर सरकत राहिली, तरी पुष्कळ लोक बसूनच होते. अगदी शेवटी नवा प्रसंग काही आला नाही, धातूवर हातोडा पडल्याचे आवाज तेवढे आले. भाचीचे डोळे लाल झाले होते. बाही नाकाला लावून ती म्हणाली, “मावशी, असंच व्हायला हवं होतं. पण व्हायला नको होतं.”

या दोन्ही वाक्यांना एकत्र धरणारा शब्द मला हवा आहे. समाधान? तृप्ती? की आणखी काही?

प्रतिसाद १

‘समाधान’ सोडू नका. दोष त्या शब्दात नाही, ‘कारक’ या शेपटात आहे. कार्यालयीन लिखाणाने ‘समाधानकारक’ची धार घालवली. ‘समाधान’ अजून धडधाकट आहे.

सम् + आ + धा अशी त्याची घडण. ‘धा’ म्हणजे ठेवणं. नीट, एकत्र, जागच्या जागी ठेवणं म्हणजे समाधान. ‘समाधी’ याच घडणीची आणि ‘संधी’सुद्धा याच ‘धा’ची. मराठीत या शब्दाला दोन अंगं आहेत. एक शंकेचं समाधान, दुसरं मनाचं. सुपरहिरोपटात ही दोन्ही बरोबरच होतात असं नाही, बहुतेक वाद तिथेच निघतात.

१९७८ चा ‘सुपरमॅन’ घ्या. नायकाची प्रेयसी लोइस गाडीत गाडली जाऊन मरते. सुपरमॅन पृथ्वीभोवती इतक्या वेगाने उडतो की पृथ्वी उलटी फिरू लागते, काळ मागे जातो, लोइस जिवंत. मन भरून येतं. पण हे करता येत असेल तर दर वेळी का करायचं नाही? काळ मागे गेला तर बाकीच्या घटनांचं काय झालं? शंका तशीच राहते. म्हणजे मनाचं समाधान झालं, शंकेचं नाही.

२०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये नेमकं उलट. खलनायक झॉडच्या डोळ्यांतून निघणारे किरण एका कुटुंबाकडे सरकत असतात, तो थांबायला तयार नसतो आणि सुपरमॅन त्याची मान मोडतो. का मोडली, याचं उत्तर पडद्यावरच दिलेलं आहे. शंकेला जागा नाही. तरी कित्येक प्रेक्षक अस्वस्थ होऊन बाहेर आले आणि त्यावरचा वाद पुढे अनेक वर्षं चालला.

प्रतिसाद २

वरच्या मुद्द्याला जोडून. नाम बाजूला ठेवा आणि क्रियापदं पाहा. समाधान होणं, समाधान करणं, समाधान मानणं. मराठीने तिन्ही वेगळी ठेवली आहेत.

‘होणं’ आपोआप घडतं. ‘करणं’ दुसऱ्याच्या हातात असतं आणि त्यात समजूत घातल्याचा वास येतो. ‘मानणं’ म्हणजे कमी मिळालं आहे हे कळत असूनही तक्रार न करणं. मोठ्या खलनायकाशी मोठी मारामारी, इमारती कोसळतात, आकाशात भगदाड पडतं, ते बुजतं, नायक हसतो. बाहेर येताना आपण म्हणतो, “ठीक होता.” ते समाधान मानणं. शेवटाबद्दल लिहिताना यांपैकी कोणतं क्रियापद तोंडी येतं ते पाहावं, मत आपसूक कळतं.

प्रतिसाद ३

मला ‘तृप्ती’ जवळचा वाटतो. तृप्त होऊन बाहेर पडलो, असं आपण सहज म्हणतो.

प्रतिसाद ४

तृप्तीला माझा विरोध आहे. तृप्ती भुकेची असते. पोट भरलं की संपलं, आणखी नको. ‘व्हायला नको होतं’ हा भाचीच्या वाक्यातला अर्धा भाग तृप्तीत बसत नाही. तृप्त माणूस डोळे लाल करून बसत नाही.

त्यापेक्षा ‘पारणं’ पाहा. ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ हा वाक्प्रचार आता नेत्रसुखद दृश्यापुरता उरला आहे, आणि शेवटच्या युद्धाचं वर्णन करताना तो हमखास वापरला जातो. पण पारणं म्हणजे उपास सोडणं. आधी उपास नसेल तर पारणं कसलं?

‘एंडगेम’मध्येच दाखला आहे. अगदी शेवटचं दृश्य : स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, आणि त्याची प्रेयसी पेगी एका घरात नाचत आहेत. संवाद नाही. हा नाच ठरला होता २०११ च्या ‘कॅप्टन अमेरिका’ चित्रपटात, विमान बर्फात कोसळण्याआधी. तो राहून गेला आणि सत्तर वर्षांनी जागा झालेला स्टीव्ह त्या चित्रपटाच्या अखेरीस एवढंच म्हणतो की त्याला कुणाला तरी भेटायचं होतं. २०११ पासून २०१९ पर्यंत आठ वर्षांचा उपास ज्यांनी केला त्यांचं त्या काही क्षणांत पारणं फिटलं. ज्याने आधीचं काही पाहिलं नव्हतं त्याला दोन माणसं नाचताना दिसली. पडद्यावरचं दृश्य तेच.

(आणि इथेही शंकेचं समाधान झालेलं नाही, हे नोंदवतो. स्टीव्ह त्याच काळप्रवाहात राहिला की दुसऱ्या, यावर दिग्दर्शकांनी एक सांगितलं आणि पटकथाकारांनी वेगळं. कोणाला त्याने फरक पडला?)

प्रतिसाद ५

सगळे समाधान-तृप्तीत गुंतले आहेत. मला ‘शेवट’ याच शब्दाबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्याकडे यासाठी एक जास्त नेमका शब्द आहे आणि आपण तो पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणाला वाहून टाकला आहे. तो म्हणजे ‘उपसंहार’.

उप + सम् + हृ. जवळ ओढून घेणं, आवरून घेणं. ‘संहार’ही त्याच ‘हृ’चा. ‘संहार’चा अर्थ मराठीत केवळ नाश असा उरला, पण मूळात त्यातही आवरून घेणं आहे. अस्त्रविद्येत या शब्दाला फार महत्त्व होतं. विश्वामित्र रामाला अस्त्रं देतात, तेव्हा ती घेऊन झाल्यावर राम त्या अस्त्रांचा संहारही शिकवा म्हणतो. म्हणजे ती परत कशी घ्यायची ते. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही अस्त्र सोडतात. अर्जुन आपलं अस्त्र मागे घेऊ शकतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, आणि ते अस्त्र पांडवांच्या घरातल्या गर्भांवर जातं. दोघांत बळाचा फरक नव्हता. एकाला उपसंहार येत होता, दुसऱ्याला नाही.

सुपरहिरोची सगळी गोष्ट अफाट शक्ती हाती आल्याची असते. मग तिचा शेवट खलनायकाच्या मरणाशी होत नाही. सोडलेली शक्ती परत घेतली का, इथे होतो. २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये बॅटमॅन जोकरला शोधायला अख्ख्या शहराचे फोन वापरून पाहणारं एक यंत्र बनवतो. त्याला यंत्रं पुरवणाऱ्या लुशियस फॉक्सला ते मान्य नसतं. एवढ्या एका कामापुरती मदत करीन, नंतर हे यंत्र इथे असेल तर मी नसेन, असं तो बजावतो. काम झाल्यावर तो यंत्रावर स्वतःचं नाव टाइप करतो आणि यंत्र नष्ट होऊ लागतं. फॉक्स पाठ फिरवून चालू लागतो, चेहऱ्यावर बारीकसं हसू. मोजून काही सेकंदांचा प्रसंग. मला त्या चित्रपटाच्या शेवटातला सर्वांत मोलाचा क्षण तोच वाटतो. त्याच शेवटात बॅटमॅन सरकारी वकील हार्वी डेंटचे गुन्हे आपल्या अंगावर घेतो आणि कुत्रे मागे लागलेले असताना अंधारात पळतो. जिंकलेला नायक पळतो आहे, तरी आपण मान हलवतो, कारण शक्ती आवरली गेली आहे आणि तिची किंमत त्याने स्वतः दिली आहे.

आता पुन्हा ‘मॅन ऑफ स्टील’. शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झालेला असतो. मान मोडल्यावर सुपरमॅनची किंकाळी ऐकू येते, आणि लवकरच आपण एका हलक्याफुलक्या प्रसंगात असतो, त्याने पाडलेलं टेहळणी विमान, मग वर्तमानपत्रातली नवी नोकरी. ढिगारे कोणी उपसले? संहार झाला, उपसंहार राहिला. तो राहिला होता हे निर्मात्यांनाही जाणवलं असावं असं मला वाटतं, कारण २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ या पुढच्या चित्रपटाने सुरुवातीलाच तोच विध्वंस पुन्हा दाखवला. या वेळी जमिनीवरून, धुळीतून धावणाऱ्या ब्रूस वेनच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, डोळ्यांनी.

प्रतिसाद ६

सुंदर. एक लहानशी भर. ‘अंत’ म्हणजे शेवट आणि ‘अंत पाहणं’ म्हणजे सहनशक्तीची कसोटी घेणं. पाऊण तास चालणाऱ्या शेवटच्या मारामाऱ्यांना दुसरा अर्थ चपखल बसतो. आणि ‘एंडगेम’च्या आधीच्या ‘इन्फिनिटी वॉर’सारख्या शेवटाला, जिथे अर्धी सृष्टी धुळीत विरते आणि खलनायक थॅनॉस सूर्याकडे बघत शांत बसतो, ‘टांगणी’ म्हणावं. जीव टांगणीला लावून वर्षभर ठेवला त्या चित्रपटाने. त्याला समाधान झालं का विचारणं गैरलागू आहे, तिथे गाठ मारली होती, सोडवली नव्हती.

प्रतिसाद ७

संस्कृत नाट्यशास्त्राचा संदर्भ कोणीतरी काढेल असं वाटत होतं. प्रतिसाद ५ शी थेट संबंध आहे म्हणून लिहितो.

नाटकाच्या पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. पाचव्या संधीला धनंजयाने ‘दशरूपक’ या नाट्यविषयक ग्रंथात ‘उपसंहृति’ असंच म्हटलं आहे. जागोजागी विखुरलेल्या, बीज (कथेचं मूळ) पोटात घेऊन आलेल्या गोष्टी एका प्रयोजनाकडे आणणं हे तिचं काम. म्हणजे उपसंहाराचा नाट्याशी संबंध जुना आहे, आपण लावलेला नाही. नाट्यशास्त्रकार भरताने तर निर्वहणात नेहमी अद्भुत रस ठेवायला सांगितलं आहे. सुपरहिरोपट सुरुवातीपासूनच अद्भुत उधळतात, मग शेवटाला आणखी अद्भुत कुठून आणायचं ही त्यांची खरी अडचण. मला वाटतं म्हणूनच त्यांचे उत्तम शेवट लहान असतात. एक वाक्य, एक चुटकी, एक नाच. इतक्या गदारोळानंतर शांतता हीच अद्भुत वाटते.

पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. ‘समाधान’ हा नाट्यशास्त्रातला पारिभाषिक शब्द आहे, आणि तो शेवटाकडचा नाही. मुखसंधीची, म्हणजे अगदी पहिल्या संधीची, जी बारा अंगं सांगितली आहेत त्यांतलं ते एक. ‘बीजागमः समाधानम्’. बीज येणं, नीट बसणं, म्हणजे समाधान.

हे वाचल्यापासून मी शेवटांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. २००८ च्या ‘आयर्न मॅन’च्या अखेरीस टोनी स्टार्क पत्रकारांसमोर लिहून दिलेला कागद बाजूला ठेवतो आणि मीच आयर्न मॅन असं सांगून मोकळा होतो. तेव्हा त्यात मिरवणं होतं. अकरा वर्षांनी ‘एंडगेम’मध्ये तो तेच वाक्य म्हणतो आणि शत्रूंना नाहीसं करणारी चुटकी वाजवतो, या वेळी त्यात जीव जाणार हे त्याला ठाऊक असतं. शब्द तेच, अर्थ पूर्ण उलटलेला. ‘असंच व्हायला हवं होतं’ असं जे त्या मुलीला वाटलं, ते बीज आधी बसलं होतं म्हणून. शेवटच्या दहा मिनिटांत कितीही खटपट केली तरी ते पेरता येत नाही.

प्रतिसाद ८

आणि ‘व्हायला नको होतं’चं काय? त्याला शब्द कोणीच दिला नाही.

मी तीन शब्द ठेवतो, त्यांत गल्लत होऊ देऊ नये. ‘चुटपूट’ म्हणजे एखादी गोष्ट करायची राहून गेली, हातची सुटली याची. ‘रुखरुख’ म्हणजे कुठेतरी काही चुकलं आहे याची, खड्यासारखी टोचणारी. ‘हुरहूर’ला कारण लागत नाही. सगळं बरोबर झालं तरी हुरहूर लागते.

शेवट घाईने उरकला की चुटपूट. नायक स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागला की रुखरुख, ‘मॅन ऑफ स्टील’ची होती ती हीच. २०१७ च्या ‘लोगन’च्या शेवटी लहानगी लॉरा लोगनच्या कबरीवरचा लाकडी क्रूस उपटते आणि आडवा करून, तो ‘एक्स-मेन’पैकी होता म्हणून, ‘एक्स’सारखा रोवते. बोलत काही नाही, निघून जाते. तिथे चुटपूट नाही, रुखरुखही नाही. त्या कथेला दुसरा शेवटच नव्हता. तरी घरी येईपर्यंत घशाशी काहीतरी अडकलेलं असतं. ती हुरहूर. समाधान आणि हुरहूर एका वेळी असू शकतात. समाधान आणि रुखरुख असू शकत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ती

प्रतिसाद ८ वाचला आणि अडलेलं वाक्य सुटलं. मी शेवटाला विशेषण शोधत बसले होते, हवं होतं ते क्रियापद. आता टिपणात असं लिहिलं आहे : ‘शेवटाने समाधान होतं. रुखरुख राहत नाही, हुरहूर राहते.’

‘उपसंहार’ही वापरावासा वाटतो आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुस्तकाचं शेवटचं प्रकरण येईल ही धास्ती आहे. म्हणून आधी अर्जुन आणि अश्वत्थाम्याची गोष्ट दोन ओळींत सांगते आणि मग फॉक्सच्या यंत्राकडे येते. ‘पारणं’ नाचाच्या परिच्छेदात बसलं.

एकच शंका उरली आहे. ‘हुरहूर’ राहते की लागते? मी ‘लागते’ म्हणत आले आहे, पण चित्रपट संपून वेळ लोटल्यावर ‘लागते’ उतावळं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद ९

चित्रपटगृहात लागते, घरी राहते. दोन्ही ठेवा.