आयरिश सेटर कुत्र्याचं शो-ट्रिमिंग: सातारा-सांगलीकडे कोणी करून देतं का, की घरीच हात बसवू?

डोंगरउतार (सातारा)
नमस्कार मंडळी. आमचा आयरिश सेटर, नर, दहावा महिना चालू आहे. जानेवारीत पुण्याला डॉग शोमध्ये उतरवायचा विचार आहे. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागद, मायक्रोचिप, सगळं झालंय, घोडं अडलंय ते केसांपाशी. पाठीवर पिल्लूपणीची फिकट लव अजून उभी आहे, कानांवर झुपके आलेत आणि गळ्याखाली एवढी झालर की मान शोधावी लागते. साताऱ्यात ग्रूमर आहेत, पण त्यांचा हात शिह त्झू आणि पॉमवर बसलेला. एक जण म्हणाला, "मशीन फिरवून बारीक करून टाकतो, उन्हाळ्यालाही बरं." मी तिथूनच गाडी फिरवली.
सेटरची कात्री माहीत असलेलं कोणी सुचवा. नसेल तर घरी करायला काय काय घेऊ, आणि किती कापू?

मिरज_जंक्शन
आमच्याकडे सगळे कारवान हाउंडवाले, आखूड केसांची शिकारी कुत्री. ओला पंचा फिरवला की कुत्रं शोला तयार! त्यामुळे कात्रीतलं काही कळत नाही. पण ज्या ब्रीडरकडून पिल्लू आणलंत त्यांना विचारलंत का? सेटरवाले एकमेकांना धरून असतात, त्यांच्या ओळखीत हँडलर, म्हणजे शोमध्ये कुत्रं फिरवणारा, निघेल.

हरिपूर_रस्ता (सांगली)
घरात आधी गॉर्डन सेटर होता, आता इंग्लिश सेटर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत विचाराल तर घरीच करा. सेटरचं काम एका बैठकीचं नसतंच. महिनाभर रोज थोडं थोडं उरकायचं असतं, आणि तेवढं कोणता ग्रूमर करणार?

पहिलं म्हणजे पाठ, बरगड्या, मांड्या यांना मशीन लावायचंच नाही. कापलेला केस मऊ आणि लोकरीसारखा परत येतो, आयरिशचा तो गडद तांबडा रंग फिका पडतो, चकाकी जाते. चांगला कोट परतायला कित्येक महिने लागतात, तोवर जानेवारी कुठल्या कुठे. पाठीवरची फिकट लव मेलेली असते, ती चिमटीने उपटायची. बोटांना खडूची पूड लावा म्हणजे केस निसटत नाही. दोन-चारच केस धरायचे आणि ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेला ओढायचे. पिकलेला केस अलगद सुटून येतो, कुत्रं मानही वळवत नाही. दचकलं तर तो केस अजून जिवंत आहे, सोडून द्या. टाचा घासायचा प्युमिस दगड पाठीवर हलक्या हाताने ओढलात तरी खालची लव बरीच निघते.

गळ्याला मात्र मशीन चालतं. 10 नंबरचं ब्लेड, जे साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. हनुवटीखालून सुरू करून छातीच्या हाडाच्या दोन-तीन बोटं वर थांबायचं. बाजूला कुठवर जायचं हे कुत्र्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. कानाखालून मानेच्या कडेने केसांची एक शिवण उतरते, तिथे दोन बाजूंचे केस समोरासमोर येऊन उभे राहतात. मशीन त्या शिवणीच्या आतच ठेवा. शिवणीवर दातेरी कात्री खालून वर, केसांच्या आत घालून एकदा मिटायची, बाहेर काढायची, विंचरायचं, लांब जाऊन बघायचं. आडवी कात्री मारलीत की पायरी पडते आणि ती पायरी जजला रिंगच्या पलीकडूनही दिसते.

कानाचा वरचा एक तृतीयांश भाग बारीक करा, बाहेरून आणि आतून कानाच्या भोकापाशीही. आतला झुपका गेला की कान डोक्याला चिकटून बसतो आणि डोकं आपोआप लांब दिसतं. खालचे रेशमी केस तसेच ठेवायचे.

शेपूट विंचरून खाली सोडा, टोकाचं हाड बोटाने चाचपून त्यावर अंगठा ठेवा आणि अंगठ्याच्या पुढे कापा. अंगठा ठेवल्याशिवाय कात्री उघडायचीच नाही. झालर बुडाशी लांब आणि टोकाकडे निमुळती हवी. मागच्या पायांच्या घोट्याखालचे केस बाहेरच्या बाजूला विंचरून सरळ रेषेत कापले की पाय भक्कम दिसतात.

गळा-कान शोच्या दोन आठवडे आधी उरका, म्हणजे मशीनच्या खुणा भरून येतात. शेवटच्या आठवड्यात फक्त फणी. आंघोळ एक-दोन दिवस आधी, आणि ओल्या पाठीवर टॉवेल घट्ट गुंडाळून पोटाखाली पिन करा. वाळेपर्यंत तसाच राहू द्या, पाठ सपाट बसते.

डोंगरउतार
दादा, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. यूट्यूबवर बघितलं त्यात पंजेही अगदी मांजरासारखे गुळगुळीत केलेत. तेही करायचं का?

फणीवाली (कराड)
इथे जरा थांबा. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेचे असतात. तिथल्या क्लबच्या स्टँडर्डमध्येच (जात कशी दिसावी त्याचं लेखी वर्णन) लिहिलंय की कानाचा वरचा तिसरा भाग आणि गळा छातीच्या हाडाजवळपर्यंत साफ करावा, पंज्याचा आकार दिसेल इतके जादा केस काढावेत. आपलं केसीआय एफसीआयशी, म्हणजे केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी, जोडलेलं आहे, आणि एफसीआयच्या 120 क्रमांकाच्या स्टँडर्डमध्ये आयरिशच्या बोटांमध्ये भरपूर केस असावेत असं म्हटलंय. कानाच्या वरच्या भागावर लांब रेशमी केस आणि गळ्यापर्यंत गेलेली झालरही त्यात बसते. आता रिंगमध्ये कान-गळा साफ केलेलेच सेटर उभे असतात, तेव्हा ते करावंच लागेल. पण पंजे गुळगुळीत करायला कोणी सांगितलेलं नाही. तळव्याच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला आणा, वर आलेले झुपके दातेरी कात्रीने विरळ करा, बस्स.
आणखी एक. मला स्वतःला मशीन गळ्यालाही आवडत नाही. नुसत्या दातेरी कात्रीने वेळ लागतो खरा, पण चुकलं तरी थोडक्यात चुकतं. नवख्याने तेच करावं.

हरिपूर_रस्ता (सांगली)
पंज्यांचं ताईंचं बरोबर. मशीनबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम! कोवळं कुत्रं दातेरी कात्रीखाली तासभर उभं राहत नाही हो.

मिरज_जंक्शन
साताऱ्याचे आहात म्हणून विचारतो, अजिंक्यताऱ्याला किंवा यवतेश्वरकडे मोकळा सोडता का? पाऊस संपला की तिकडे गवताला कुसळं धरतात. आमच्या आखूड केसांच्या कुत्र्यांनाही बोटांत घुसतात, तुमच्या झालरीत तर दिसायचंही नाही.

डोंगरउतार
हो, रोज सकाळी जातो. परवाच मागच्या डाव्या पंज्यात एक सापडलं, बाहेर नुसती काळी शेपटी राहिली होती. त्यात गोखरू वेगळेच.

फणीवाली (कराड)
शोपर्यंत डांबरी रस्त्यावर चालवा. आणि घरी आल्यावर बोटं फाकवून बघायची, कानात वास येतो का बघायचं. कुसळ कानात गेलं की कुत्रं एकाच बाजूला डोकं झटकतं. तसं झालं तर चिमटा घालू नका, थेट डॉक्टरांकडे. तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही हायवेवरच आहे.

डोंगरउतार
ठरलं, घरीच करतो. दातेरी कात्री कुठली घेऊ? आणि मिशा काढायच्या का?

हरिपूर_रस्ता (सांगली)
मिशा राहू द्या, त्यांचे कोणी मार्क कापत नाही. कात्री सलूनच्या सामानाच्या दुकानात मिळते तीच घ्या, एका पात्याला दाते आणि दुसरं साधं. चाळीसच्या आसपास दाते असले की काम नरम होतं. धार गेली तर दारावर येणाऱ्या धारवाल्याला देऊ नका, तो दातेच घासून ठेवतो. त्याच दुकानात विचारा, न्हाव्यांच्या कात्र्यांना धार लावणारा माणूस त्यांना ठाऊक असतो.