बॉक्सवर एमपी-फोर लिहून हाय पन एमपी-फोर फाईल चालतच नाई, व्हिडिओ कन्व्हर्ट कसा कराचा?

धुऱ्यावरचा_गडी (आर्णीकडचा):
नमस्कार मंडळी, आमच्या आबाजीले बाजारातून एक बारका प्लेअर घेऊन देल्ला, बाहेरून आलेला माल हाय, कंपनीचं नाव-गाव काही नाई, बॉक्सवर मोठ्या अक्षरात एमपी-फोर आन १६ जीबी, स्क्रीन १.८ इंच. आबाजी हरभऱ्याच्या जागलीले जाते, रोही न डुकरं काही ठिवू देत नाई आन मोटरची लाईनबी रातचीच, म्हनून अर्धी रात वावरातच. तिथं रेंज नाई, टचचा मोबाईल त्याईच्या बोटाले जमत नाई, बटनवाला पायजे. गाणे मस्त वाजते, लफडा व्हिडिओचा हाय. पोयाची दंडार (आमच्याकडचा गावातला नाच) मोबाईलवर शूट केली होती, ती टाकली त लिस्टमधी फाईलच दिसत नाई. कन्व्हर्टरनं एव्हीआय केली त दिसते पन दाबलं की फॉरमॅट एरर, थ्रीजीपीचंबी तेच. मंग आमच्या भाच्यानं नुसतं नाव बदलून शेवटी डॉट एएमव्ही केलं त प्लेअर हँग, पिन टोचून रिसेट करा लागला. सीडी-बीडी काही आली नाई सोबत. दुकानदार म्हनते सब चलता है. कोनाले माहीत असन त सांगा राजेहो.

चना_फुटाना:
कायले डोकं लावता भाऊ, एमपी-थ्री करून द्या, ऐकू द्या आवाज. त्या टिकलीएवढ्या स्क्रीनवर दिसते काय आन व्हिडिओनं बॅटरी लवकर जाते ते येगळंच. नाईच ऐकत असन त हँडब्रेक टाका, फुकट हाय, त्यानं कोनताबी व्हिडिओ ल्हान होते.

धुऱ्यावरचा_गडी:
दंडारीत आबाजी सोता नाचले नं भाऊ! ते पाहाचं हाय त्याईले, आन दुसऱ्याचे पाय कुठं चुकले तेबी दाखवाचं हाय जागलीवरच्या दोस्ताईले. एमपी-थ्रीनं काय होते.

सोल्डर_नागपूर:
हँडब्रेक इथं कामाचं नाही, ते एव्हीआय देतच नाही, तो ऑप्शन त्यांनी २००९ मध्येच काढून टाकला, आता एमपी-फोर, एमकेव्ही आणि वेबएम एवढंच निघते.

आता तुमच्या प्लेअरचं. बॉक्सवरच्या नावावर जाऊ नका. मोबाईलचा व्हिडिओ एच २६४ नाहीतर एचईव्हीसी या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून ल्हान करायची पद्धत) असते, ते उलगडायला जी ताकद लागते ती या स्वस्त चिपमध्ये नसतेच. या जातीचे बरेच प्लेअर एएमव्ही नावाचा फॉरमॅट खातात, त्यात व्हिडिओ म्हणजे एमजेपेगचा एक प्रकार, दर फ्रेमचा वेगळा फोटो समजा, आणि आवाज आयएमए एडीपीसीएम या ऑडिओ कोडेकमध्ये, मोनो, २२०५० हर्ट्झ. काही एमटीव्ही फॉरमॅटवाले असतात आणि थोड्या बऱ्या चिपवाले एव्हीआयमध्ये एक्सव्हिड कोडेक चालवतात, पण तेही ३२० बाय २४० पर्यंत वगैरे. नुसतं नाव बदलून आतला माल बदलत नाही, भाच्याला सांगा.

अंदाज बांधत बसू नका. प्लेअरमध्ये येताना एखादा सँपल व्हिडिओ असतोच बहुतेक, कार्टून किंवा कुठलं तरी चायनीज गाणं, तो डिलीट केला नसेल तर तुमचं काम झालं. कॉम्प्युटरला लावा, तो व्हीएलसीमध्ये उघडा, टूल्समध्ये कोडेक इन्फर्मेशन पाहा. कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेम रेट, ऑडिओ सगळं लिहून घ्या आणि आपला व्हिडिओ डिट्टो तसाच बनवा, एक आकडा इकडचा तिकडे नको. आणि कृपा करून नेटवरून कुठलंही फर्मवेअर (प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) उतरवून मारू नका, बाहेरून सेम दिसणाऱ्या दोन प्लेअरमध्ये चिप वेगळी असते, चुकीचं फर्मवेअर गेलं की डबा बंद. माझ्याकडे असे मेलेले येऊन राहिले कायम.

धुऱ्यावरचा_गडी:
सँपल होता भाऊ, गाडीच्या रेसचा! एएमव्हीच निघाला, १६० बाय १२८, फ्रेम १५, ऑडिओ तुम्ही सांगतला तोच. एफएफएमपेग (व्हिडिओ कन्व्हर्ट कराचं फुकट सॉफ्टवेअर) टाकलं लॅपटॉपवर, तेच्यात एएमव्ही हाय पन ते एरर मारून राह्यलं, ऑडिओ फ्रेम साईझ चूक हाय म्हनते आन ब्लॉक साईझ द्या म्हनते.

सोल्डर_नागपूर:
बरोबर म्हणते ते. एएमव्हीमध्ये एका चित्रामागे आवाजाचा एकच तुकडा, त्याच मापाचा लागतो. २२०५० ला फ्रेम रेटनं भागायचं, पंधराला १४७० येते, ते ब्लॉक साईझमध्ये टाका. सँपल २५ फ्रेमचा असता तर ८८२. भाग पूर्ण जात नाही असा रेट घेऊच नका, १६ घेतला तर अपूर्णांक येते. चॅनल एक, सँपल रेट २२०५० आणि फ्रेम रेट १५ हे तिन्ही स्वतः लिहा, डिफॉल्टवर सोडू नका. एफएफएमपेग जुनं असेल तर बदला, जुन्यात एएमव्ही वाचता येत होतं पण लिहिता येत नव्हतं.

उंचीचंही पाहा (तुमची १२८ आहे म्हणून वाचले), सोळानं भाग जात नसेल तर एफएफएमपेग अडते. कोणाचा सँपल १६० बाय १२० चा निघाला तर त्यातल्या स्ट्रिक्ट नावाच्या ऑप्शनला मायनस १ द्यावं लागते.

अजून एक. मोबाईलचा व्हिडिओ आडवा १९२० बाय १०८० असेल तर तो तसाच १६० मध्ये बसवू नका, वरखाली काळ्या पट्ट्या आणि नाचणारे मुंग्यावानी दिसतील. मधला १३५० बाय १०८० चा तुकडा क्रॉप करा आणि मग ल्हान करा, आकार बरोबर बसते आणि चेहरे ओळखू येतात. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरात, छोटं ठेवा, मराठी नावाचे काही प्लेअरवर चौकोन होतात.

धुऱ्यावरचा_गडी:
चाल्ला!! आवाजबी बरोबर पायाले पाय हाय. आबाजी खुश. पन आता नवीनच, दंडार टाकल्यावर भजनाचा फोल्डर टाकला, कॉपी पूर्ण झाली, एरर नाई काही, आन आता पयले टाकलेले गाणे नावापुरते दिसते, वाजत नाई.

कपाशीचं_बोंड:
दादा तुमची मेमरी खोटी हाय, लिहून ठेवा. १६ जीबी दाखवते पन आत त्याहून लय कमी असन, भरलं की नवीन फाईल जुन्याच्या उरावर बसते. आमच्या गावात पेनड्राईव्हचं असंच झालतं, लगनाचे फोटो गेले अर्धे. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर भेटते, लिनक्स असन त एफथ्री. आधी प्लेअरमधलं सगळं लॅपटॉपवर काढून घेजा, सँपलसुद्धा, तो पुन्हा भेटत नाई. मंग रिकाम्या प्लेअरवर टेस्ट लावजा, ते पूर्ण भरून पुन्हा वाचून पाह्यते आन खरी जागा किती ते सांगते. येळ लागते, लाईन जायच्या वख्ती लावू नका.

सोल्डर_नागपूर:
ताई बरोबर म्हणते. जेवढी खरी निघेल त्याच्या खालीच भरा. कार्डाचा स्लॉट असेल तर आतली मेमरी विसरा, चांगलं छोटं कार्ड टाका, एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट करून. आणि काढताना सेफली रिमूव्ह करा, वायर ओढू नका.

धुऱ्यावरचा_गडी:
स्लॉट हाय, जुन्या मोबाईलचं ४ जीबीचं कार्ड पडून होतं ते टाकलं, भजन दंडार दोन्ही चालून राह्यलं. टेस्टमधी आतली मेमरी २ जीबीबी भरली नाई 😡 आता आबाजी म्हनते मागच्या सालची दंडारबी टाक, ती काकाच्या मोबाईलमधी उभी शूट केली हाय. तेले कोनतं माप?

सोल्डर_नागपूर:
उभा १०८० बाय १९२० असेल तर १०८० बाय ८६४ कापा, मग १६० बाय १२८. मधूनच कापा असं नाही, नाचणारे जिथं दिसतात तिथून कापा, उभ्या व्हिडिओत वर नुसतं आभाळ असते. आधी एक मिनिटाचा तुकडा करून आबाजींना दाखवा, मग पूर्ण करा.