पदवीच्या वर्गात गणिताच्या गोष्टी किती सांगाव्यात?

धागाकर्ता, जळगाव : गोष्टी आणि इतिहास सांगूनच पदवीचे गणित शिकवावे, म्हणजे मुलांची भीती जाईल, असे काल एका सरांनी लिहिले आणि ते वाचून मला राग आला. माझ्या वर्गात पहाटे केळीच्या बागेतले काम उरकून एसटीने येणारी मुले आहेत. त्यांच्या तासातली वीस मिनिटे गटसिद्धांताचा (ग्रुप थिअरी) पाया घालणाऱ्या गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाच्या द्वंद्वयुद्धात घालवायची आणि त्या सिद्धांतातले उपगट (सबग्रुप) घरी वाचायला सांगायचे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. गाल्वा १८३२ मध्ये विसाव्या वर्षी गेला हे ठाऊक असून पंचघाती समीकरणाला सर्वसाधारण सूत्र का नाही हे ज्याला सांगता येत नाही, तो गणित शिकला असे मी मानत नाही.

अमळनेरची शिक्षिका : द्वंद्वयुद्ध हा गणिताचा इतिहास नव्हेच. संतत (आलेख कुठेही न तुटणाऱ्या) फलनांच्या अभिसारी (बेरीज ठरावीक मूल्याकडे जाणाऱ्या) श्रेणीची बेरीज संततच असते, असे फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२१ मध्ये लिहिले. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेलने साइनच्या एका श्रेणीने त्याला अपवाद दाखवला. मी कोशीचे विधान फळ्यावर लिहून ते मुलांकडूनच सिद्ध करून घेते आणि मग आबेलची श्रेणी मांडते. आपली चूक कोणत्या ओळीत झाली हे शोधताना युनिफॉर्म कन्व्हर्जन्स (श्रेणी सगळ्या बिंदूंवर एकसारखी बेरजेकडे जाणे) कशासाठी लागते, ते त्यांना व्याख्येआधीच उमगते.

चाळीसगावकर : उदाहरणे फ्रान्स-नॉर्वेचीच का? भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेली पाटणादेवी आमच्या उशाला आहे. घटिकापात्रात (वेळ मोजायच्या पाण्यातल्या वाटीत) मोती अडकून त्यांच्या लेकीचा, लीलावतीचा, लग्नाचा मुहूर्त टळला, ही आजीने सांगितलेली गोष्ट ऐकूनच मी गणिताकडे वळलो.

धुळेकर : ती गोष्ट भास्कराचार्यांची नाही. त्यांचा 'लीलावती' ग्रंथ ११५० चा आणि मोती येतो अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. पाटणचा शिलालेख मात्र खणखणीत पुरावा आहे : भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेवाने मठ काढला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाले.

चाळीसगावकर : श्लोकांत 'बाले लीलावति' अशी हाक आहे, ती कोणाला? आमच्या आजीला खोटे ठरवण्याआधी मूळ ग्रंथ उघडा.

धुळेकर : उघडला आहे. त्यात 'सखे' आणि 'गणक' अशाही हाका आहेत. त्यांवरून नाती जोडायची का? आजीचा मान राखूनही वर्गात दंतकथेला इतिहास म्हणता येणार नाही. त्यापेक्षा ६१य² + १ हा पूर्ण वर्ग कधी होतो, हे भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तल्या चक्रवाल (एका उत्तरावरून पुढचे काढत जाण्याच्या) पद्धतीने सोडवून घ्या. य = २२,६१,५३,९८० हे सर्वांत लहान धन उत्तर थोड्याच पायऱ्यांत हाती येते आणि मुले थक्क होतात.

चाळीसगावकर : मोती दंतकथा म्हणूनच सांगेन, पण सांगणार. चक्रवालाचे तुमचे म्हणणे मान्य.

धागाकर्ता, जळगाव : मोत्यावरून इतके भांडण झाले, हाच माझा मुद्दा होता. कोशीचे उदाहरण मात्र मला खोडता येत नाही. त्याला किती तास लागतात आणि बाई, त्यासाठी अभ्यासक्रमातले काय गाळता?

अमळनेरची शिक्षिका : दोन तास लागतात. गाळत काहीच नाही, शनिवारी जादा तास घेते.

धागाकर्ता, जळगाव : शनिवारी माझी निम्मी मुले मजुरीला जातात.