डेन्मार्कचा डॉक्टर स्ट्रुएन्से: सुधारक, आशिक की सरळसरळ संधिसाधू?

उंबरठा (धागाकर्ता)
हा किस्सा जिथे वाचावा तिथे "राणी आणि डॉक्टरची अमर प्रेमकहाणी" म्हणूनच सांगतात आणि मला दरवेळी चिडायला होतं, म्हणून धागा काढतोय. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डेन्मार्कचा राजा क्रिश्चन सातवा, १७६६ ला गादीवर आला तेव्हा सतराचाही पुरता नव्हता आणि डोक्याने ठीक नव्हता. त्याच वर्षी त्याचं लग्न लावलं इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जच्या धाकट्या बहिणीशी, कॅरोलाइन मॅटिल्डा, वय वर्षं १५. १७६८ ला राजा युरोप फिरायला निघाला, तेव्हा सोबतीला हॅम्बर्गजवळच्या आल्टोनाचा एक जर्मन डॉक्टर घेतला, योहान फ्रेडरिक स्ट्रुएन्से. राजाचं त्याच्याशी इतकं जमलं की येताना त्याला कोपनहेगनलाच घेऊन आला. १७७० मध्ये डॉक्टर आणि राणीचं जुळलं, १७७१ च्या जुलैत हा बाबा राजाच्या सहीशिवाय हुकूम काढायला लागला आणि १७७२ च्या जानेवारीत दोघांना अटक होऊन एप्रिलात त्याचं मुंडकं उडालं.

माझं म्हणणं एवढंच की तो डॉक्टर होता ना? पेशंट भ्रमिष्ट आहे हे सगळ्यात जास्त त्यालाच माहीत होतं, आणि त्याने पेशंटची बायकोही घेतली आणि राज्यही घेतलं. याला प्रेमकहाणी काय म्हणायचं?

टपरीवरचा
अहो राज्य घेतलं तर घेतलं, पण केलं काय ते बघा की! जेमतेम १६ महिन्यांत हजाराच्या वर हुकूम. कबुलीसाठी छळ करायची पद्धत बंद. छापण्याआधीची सेन्सॉरशिप १७७० च्या सप्टेंबरात साफ उठवली, खुद्द फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने राजाचं कौतुक करणारी कविता लिहिली त्यावर. कुळांनी जमीनदाराकडे किती वेठबिगारी करायची त्याला मर्यादा घातली, लग्नाबाहेरच्या मुलांचा कलंक कमी केला. तोवर दरबारातले खानदानी लोक काय करत होते? पेन्शनी खात होते. माणूस स्वार्थी असेल, पण असला स्वार्थी मंत्री आम्हाला रोज चालेल.

कासवगती
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

उंबरठा
@टपरीवरचा, हुकूम मोजू नका हो, ते काढले कसे ते बघा. पठ्ठ्याला डॅनिश येत नव्हतं, शिकायची इच्छाही नव्हती, हुकूम जर्मनमधून. खात्यांना विचारणं नाही, सल्ला नाही, राजाचं मंत्रिमंडळच बरखास्त. छापायची मोकळीक दिली, तर लोकांनी पत्रकं त्याच्या आणि राणीच्याच लफड्यावर छापली, मग १७७१ च्या ऑक्टोबरात साहेबांचा सूर बदलला, आता म्हणे लिहिणारा आणि छापणारा जबाबदार. आणि वर स्वतःलाच काउंट करून घेतलं! सुधारक माणूस, पण पदवी सोडवली नाही.

मोरपंखी
तुम्ही दोघं मघापासून डॉक्टरवरच भांडताय. त्या पोरीबद्दल कोणी बोलणार आहे का?

ती जन्मायच्या आधीच तिचे वडील गेलेले. १५ व्या वर्षी परक्या देशात पाठवली, नवरा तिच्याकडे बघत नव्हता आणि उघडपणे दुसरीला घेऊन फिरत होता. दरबारात सावत्र सासू युलियाने मारी, जिला आपला मुलगा गादीवर हवा होता. अशा ठिकाणी पहिल्यांदा एका माणसाने तिच्याशी माणसासारखं बोलून बघितलं. सुरुवात कशी झाली माहितीये? देवीच्या साथीत त्याने तिच्या लहान मुलाला टोचून घेतलं आणि मूल सुखरूप राहिलं. त्या काळी ती टोचणी म्हणजे जिवाशी खेळ होता, कुठल्याही आईला तेवढं पुरे होतं. लोकांना पोटदुखी कशाची, तर राणी पुरुषी कपडे घालून दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसते! राजाची रखेल चालते, राणीचा प्रियकर मात्र राजद्रोह. हे गणित मला पटत नाही.

उंबरठा
मोरपंखीताई, राणीला मी एका शब्दाने बोललेलो नाही, माझा राग डॉक्टरवर आहे. उलट तुम्ही जे सांगितलंत त्याने तो वाढतोच. पंधराव्या वर्षापासून एकटी पडलेली मुलगी आणि चौदा वर्षांनी मोठा माणूस, ज्याला आत कुठेही जाता येतं. कोणी कोणाला जाळ्यात घेतलं ते सांगायला नको. अटक झाल्यावर पहिली कबुली कोणी दिली? याने. त्यानंतरच तिच्याकडून सही घेता आली.

मोरपंखी
जाळ्यात घेतलं म्हणजे तिला स्वतःचं मनच नव्हतं म्हणायचं. तेव्हाचे कोर्टवालेही तिला फार वेगळं वागवत नव्हते. कबुलीचा मुद्दा मात्र खरा आहे, तिथे मीही त्याला माफ करत नाही. तिचं पुढे काय झालं ते लिहिते, कारण ते सगळे गाळतात. पहाटे उचलून क्रोनबोर्गच्या किल्ल्यात टाकली, घटस्फोट दिला, आणि जेव्हा भावाच्या जहाजांनी तिला त्याच्याच जर्मनीतल्या राज्यात, हॅनोव्हरकडे नेलं तेव्हा तान्ही मुलगी मागे ठेवायला लावली. मुलगा तर आधीच काढून घेतलेला. तिथल्या त्सेलेच्या वाड्यात १७७५ च्या मे मध्ये तापाने गेली, वय २३. मुलं परत दिसलीच नाहीत.

आळशी वाचक
खूप दिवसांनी लॉगिन केलं, विषयच तसा आहे. सगळे माणसांवर भांडताय, मला यात एकच गोष्ट दिसते ती म्हणजे सही.

१६६५ च्या राजकायद्याने डेन्मार्कचा राजा म्हणजे साक्षात देवानंतरचा. त्याची सही असेल तो कायदा, मग सही करणारा शुद्धीत असो नसो. म्हणजे राज्य हवं असेल तर सैन्य नको, फक्त त्या खोलीत जाता आलं पाहिजे. स्ट्रुएन्से गेला. १७७२ च्या १७ जानेवारीला, रात्रीच्या मुखवट्याच्या नाचानंतर पहाटे, युलियाने मारी आणि तिचा माणूस गुल्डबर्ग गेले, झोपेतून उठवून घाबरवून अटकेच्या कागदांवर सह्या घेतल्या, मग त्याच राजाला गाडीतून शहरात फिरवलं आणि लोकांनी जयजयकार केला. पुढे १७८४ ला तो टोचलेला राजपुत्र फ्रेडरिक १६ वर्षांचा झाला, त्यानेही भर बैठकीत बापापुढे कागद सरकवला, सही घेतली आणि काकाशी, म्हणजे युलियाने मारीच्या मुलाशी, झोंबाझोंबी करून सत्ता हातात घेतली. इथे ध चा मा करायचीसुद्धा गरज नव्हती, राजा समोर येईल त्यावर सही करायचा!

मग तिघांनी एकच केलं असेल तर एकालाच संधिसाधू का म्हणायचं? परका आणि खालून आलेला होता म्हणून?

टपरीवरचा
लाखात एक बोललात! आणि त्या पोराला वाढवलं पण स्ट्रुएन्सेनेच, विचारवंत रूसोच्या मतांप्रमाणे, थंड पाणी, अनवाणी, पातळ कपडे, नोकर मागेपुढे नाहीत. दरबाऱ्यांना वाटलं हा राजपुत्राला मारायला निघालाय. त्याच पोराच्या कारकिर्दीत १७८८ ला कुळांना गावाला बांधून ठेवणारा कायदा रद्द झाला. हे श्रेय कोणाला द्यायचं बोला.

उंबरठा
थंड पाण्याने अंघोळ घातली म्हणून कुळं मुक्त झाली, असं असेल तर माझ्या आजीने अर्धं कोकण मुक्त केलं असतं.

@आळशी वाचक, तुमचा मुद्दा मात्र लागला. सही घेणारे तिघेही एका माळेचे मणी, मान्य. पण उरलेल्या दोघांनी नाडी धरलेली नव्हती. माझा आक्षेप तिथेच आहे, तो हलत नाही.

कासवगती
पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितो. जिचा बाप कोण यावर कुजबुज होती ती राणीची मुलगी, लुईसे ऑगस्टा. कागदोपत्री राजाचीच राहिली. तिची पणती थेट जर्मन कैसर दुसऱ्या विल्हेल्मची बायको झाली, आणि आजचा स्वीडनचा राजाही तिच्याच वंशातला. म्हणजे कुजबुज खरी असेल तर आल्टोनाच्या डॉक्टरचं रक्त कुठे कुठे पोचलं बघा.

मोरपंखी
@उंबरठा, पेशंटचा विश्वासघात म्हणताय ना, मग पेशंटला काय वाटत होतं तेही बघू. स्ट्रुएन्सेचा आधी उजवा हात तोडला, मग डोकं, मग धडाचे तुकडे करून चाकावर टांगले. सोबत ब्रांट, राजाला सांभाळायला ठेवलेला, राजाशी मारामारी केली म्हणून. त्या हुकमावरही क्रिश्चनचीच सही. तीन वर्षांनी राजाने बसून त्या दोघांचं चित्र काढलं आणि खाली जर्मनमध्ये लिहिलं की दोघांना वाचवता आलं असतं तर बरं झालं असतं. हा कागद कोणी पुढे सरकवलेला नव्हता.

उंबरठा
हे चित्राचं माहीत नव्हतं. पण ताई, पेशंटला डॉक्टर आवडत होता यात नवल नाही, डॉक्टरने तेवढं तरी काम नीट केलं होतं. उद्या लिहितो, आता जेवायला हाक आलीये.